गाठीतली लवंग

पप्पांच्या डाव्या पायावरचा डाग मी पहिल्यांदा मोजला, तेव्हा तो आतल्या घोट्यापासून वर अकरा सेंटीमीटर होता. रंग जुन्या चिंचेसारखा. कडा नेमकी कुठे संपते ते ठरवता येत नव्हतं, म्हणून मी पायावरच बॉलपेनने रेघ ओढली, वर पारदर्शक प्लास्टिक ठेवलं आणि रेघ गिरवून घेतली. कोपऱ्यात तारीख लिहिली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

"पायाची मोजणी आणलीस का?" पप्पा म्हणाले. "शेजारच्या पायाच्या हद्दीवर वाद आहे का?"

"हलू नका."

"अगं, मोज्याचा रंग उतरतो तो."

मोजा मी आधीच तपासला होता. ओला करून पांढऱ्या रुमालात गुंडाळून एक दिवस ठेवला. रुमाल पांढराच राहिला. नंतर डागावरचा कोंडा खरवडून नवापूरला नेला. तिथल्या एका लॅबमध्ये मी काम करते. पोटॅशच्या थेंबात काचेवर पाहिला. बुरशी नव्हती. साखर उपाशीपोटी अठ्ठ्याण्णव. एकेक शक्यता मी वहीत लिहून खोडत गेले. जे सगळ्यांत सोपं होतं, ते वहीत नव्हतंच.

आमचं किराणा दुकान विसरवाडीत हायवेला लागून आहे आणि घर दुकानाच्या वर. पप्पांना, म्हणजे उत्तमचंद शेठना, हायवेवरचे निम्मे ट्रकवाले नावाने ओळखतात. सकाळी आठला शटर वर जातं, संध्याकाळी सहाला खाली येतं, कारण सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं. मधल्या वेळात पप्पा काउंटर आणि फळ्या यांच्यामधल्या पट्ट्यात उभे असतात. पट्टा अडीच फूट रुंद. त्यात चालणं असं होत नाही. एक पाऊल डाळीकडे, एक साबणाकडे.

दुकानात पप्पांच्या जोडीला धुडकूकाका आहेत. वय साठच्या पुढे, वीस वर्षं इथेच. डागाकडे पहिलं लक्ष त्यांचंच गेलं होतं.

"शेट, पाय दखाडा डाक्टरले. वांगं भाजेल शे तसा दिखस."

"आमच्यात वांगं खात नाहीत, धुडकू."

"खातस नई, पन पायले बांधी फिरतस."

पप्पा हसले आणि गोडेतेलाची पिशवी काढायला वळले. त्यांनी डॉक्टरला पाय दाखवला नाही.

होळीपर्यंत डाग चौदा सेंटीमीटर झाला. कातडी चकचकीत आणि कडक झाली. बोटाने दाबली की खळगा पडायचा आणि भरून यायला बावीस सेकंद लागायचे. मे महिन्यात घोट्याच्या वर एक जागा ओली दिसली. पप्पा म्हणाले, पोत्याच्या सुतळीचा टाका लागला. आठ मिलिमीटरची जखम. दोन आठवड्यांनी मोजली तेव्हाही आठच. तिसऱ्या आठवड्यात दहा. मग मी सुट्टी टाकली आणि त्यांना नंदुरबारला डॉक्टर यामिनींकडे नेलं.

त्यांनी सोनोग्राफीचा डॉपलर लावला. यंत्रातून रक्ताचा आवाज आला. आधी वर जाणारा, मग परत खाली घसरणारा.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "हे खाली यायला नको होतं."

हृदय रक्त पायापर्यंत पाठवतं, पण वर आणायचं काम पोटऱ्यांचं असतं. माणूस चालला की पोटरी शिरांना पिळते आणि रक्त वर चढतं. शिरांमधल्या झडपा ते खाली पडू देत नाहीत. माणूस नुसता उभा राहिला तर पोटरी काही करत नाही. रक्त साठतं, शिरा फुगतात, झडपांची तोंडं मिटेनाशी होतात. मग तांबड्या पेशी कातडीत झिरपतात आणि मरतात. त्यांच्यातलं लोखंड तिथेच राहतं. चुन्याच्या भिंतीत खिळा गंजला की भोवती तपकिरी उमटतं, तसंच. हे सगळं मी बी.एस्सी.ला वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

"उत्तमचंदजी, दिवसातून किती वेळ उभे असता?"

"दुकान आहे ना मॅडम."

"दुकानात खुर्ची नाही?"

पप्पा पायजमा खाली ओढू लागले. डॉक्टरांनी घट्ट मोजे लिहून दिले, मलमपट्टी दाखवली आणि मला बाजूला घेतलं. "मोज्याने निम्मं काम होईल. निम्मं बसण्याने. दर अर्ध्या तासाने बसून पाय उंचावर. नाहीतर ही जखम भरणार नाही, मोठी होईल. मग घोट्याभोवती पसरते. माझ्याकडे एक शिक्षक येतात, सात वर्षं झाली, त्यांची अजून उघडीच आहे."

"आणि रंग?"

"रंग जाणार नाही. रंगाचं सोडून दे."

मी नंदुरबारहूनच प्लास्टिकची हातवाली खुर्ची घेतली. बसच्या टपावर चढवली, घरी उतरवली, दुसऱ्या दिवशी पट्ट्यात बसेल अशी तिरकी ठेवली. संध्याकाळी परत आले तेव्हा खुर्चीवर अगरबत्तीचे खोके होते. मी खोके काढले. दुसऱ्या दिवशी साखरेचं पोतं होतं.

"पप्पा, बसा ना."

"बसेन. गिऱ्हाईक कमी झालं की."

गिऱ्हाईक नसतानाही ते उभे असायचे. मी आठवडाभर पाहून लिहिलं. घरात ते बसत. जेवताना पाटावर, टीव्हीसमोर सोफ्यावर, एसटीत खिडकीशी. प्रवचनाला दोन तास मांडी घालत. न बसण्याची जागा एकच होती, दुकान. शटर अर्धं खाली ओढून माल लावतानाही ते बसत नव्हते. सवयीने उभा राहणारा माणूस दमला की टेकतो. हे टेकतही नव्हते.

रविवारी पप्पा आंघोळीला वर गेले, तेव्हा मी धुडकूकाकांना विचारलं.

ते शेंगदाणे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "शेट दुकानमा बठनार नई, माय. गाठ मारेल शे."

"कसली गाठ?"

"तुन्ही मम्मीनी ओढणीले."

मम्मी गंठसी पाळायची. जेवण झालं की ओढणीच्या टोकाला गाठ मारायची, आणि ती सोडेपर्यंत तोंडात पाणीही घ्यायची नाही. घड्याळाचा नियम नव्हता, गाठीचा होता. तहान लागली की गाठ सोडायची, नवकार म्हणायची, पाणी प्यायची, पुन्हा गाठ. जेवढा वेळ गाठ, तेवढा वेळ उपवास पदरात. लहानपणी मी केलेली कोशिंबीर तिला चाखायला द्यायची तर आधी ओढणीचं टोक पाहावं लागे. पप्पांना असले नियम झेपत नसत. मम्मी म्हणायची, "तुमचंही पुण्य मीच बांधून ठेवते, तुम्ही खा."

दुपारी ती दुकानात यायची. काउंटरमागे तिचं बुटकं लाकडी स्टूल होतं. तिथे बसलं की समोरच्या गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांमुळे रस्ता दिसत नाही. एसटीचा ब्रेक वाजला की ती खालूनच विचारायची, "कोणती गाडी?" पप्पा सांगायचे, "नवापूर." "सुरत." "धुळे." तिला कुठेच जायचं नसायचं. ती वर जेवणाचं बघायला गेली की त्याच स्टुलावर पप्पा बसत.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये तिला सुरतला नेलं. आधी ताप मला आला होता. मी पुण्याहून हॉस्टेल सोडून आले होते. मी वरच्या खोलीत होते, दार बाहेरून लावलेलं. गाडी आल्याचा आवाज ऐकला, गेल्याचा ऐकला. खाली काय झालं ते मला आता धुडकूकाकांकडून कळत होतं.

"गाडीमा बठाडानं व्हतं तधळ शेटनी ओढणीनं टोक धरं. डब्बामाईन एक लवंग लिधी, मझार टाकी, आन् गाठ मारी. बोलनात, 'तू परत ईसन हाई गाठ सोडशी, तवपर्यंत मी दुकानमा बठनार नई.'"

"मम्मी काय बोलली?"

"काई नई. हासनी. मंग खोकला ऊना."

अकराव्या दिवशी मम्मी गेली. त्या दिवसांत घरी आणता येत नव्हतं. सगळं तिकडेच झालं, पप्पांनी लांबून पाहिलं.

"ओढणी तिन्हासंगे गई," धुडकूकाका म्हणाले. "आते गाठ कोन सोडी?" आणि एक खवट शेंगदाणा बाजूला टाकला.

मला रडू आलं नाही. मला प्रश्न पडला की मी चार वर्षं त्या स्टुलावर साबणाची खोकी बघत होते आणि मला काहीच कसं वाटलं नाही.

संध्याकाळी जेवण झाल्यावर मी पप्पांच्या पायाची पट्टी बदलली. ते सोफ्यावर होते, पाय खुर्चीवर. घरात ते डॉक्टरांचं सगळं ऐकत.

"धुडकूकाकांनी सांगितलं," मी म्हणाले.

"तो काहीही सांगतो."

"पप्पा, मम्मी परत येणार नाही."

"मला माहीत नाही का ते?" आवाज नेहमीचाच होता, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. "मी काय वेडा आहे? येईल म्हणून उभा नाही. गाठ मारलीय म्हणून उभा आहे."

"महाराजसाहेबांना विचारू. प्रायश्चित्त देतात. आजारात सूट असते, नियमातच असते."

"असते. विचारायला जाऊ, आणि काय सांगू? पाय दुखतो?" त्यांनी पायाकडे पाहिलं. "दुखत पण नाही आता. सुन्न आहे."

"जखम बारा मिलिमीटर झाली."

"तिने आयुष्यभर पाळलं. मी एकच घेतलं होतं."

मी पट्टीचं टोक चिकटवलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या रविवारी मी मम्मीच्या हॉस्पिटलची फाइल काढली. कारण सांगायचं तर, मला नक्की तारीख हवी होती. पप्पा किती तास उभे राहिले ते काढायचं होतं. त्याने काय साधणार होतं, माहीत नाही. पण संख्या समोर असली की मला बरं वाटतं. भरती अकरा एप्रिल. रोजचे नऊ तास धरले, लॉकडाऊनमधले अर्धे दिवस आणि संवत्सरीच्या सुट्ट्या वजा केल्या, तर सुमारे तेरा हजार तास. मी तो आकडा पेन्सिलीने लिहिला.

फाइलच्या शेवटी एक छापील चिठ्ठी होती. रुग्णाच्या वस्तू परत केल्याची. मोबाइल एक. चप्पल जोड एक. चष्मा, घरासह, एक. ओढणी एक. खाली पप्पांची सही. त्या दिवशी त्यांनी ती वाचून केली नसणार.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग माळ्यावर चढले.

पिशवी दिवाळीच्या कंदिलांच्या मागे होती. पिवळी, जाड, तोंडाला प्लास्टिकची पट्टी. मोबाइल तेवढा तेव्हाच वेगळा दिलेला. बाकीची पिशवी पप्पांनी आणून औषध फवारून वर टाकली होती, आणि कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. नंतर हात लावायला कोणाची ना नव्हती, पण कोणी लावला नाही. मी हातमोजे घातले. चार वर्षांनी कुठलाही विषाणू कापडावर जिवंत राहत नाही हे मला ठाऊक आहे. तरी घातले.

हिरव्या काठाची लाल बांधणीची ओढणी, घडी न घालता कोंबलेली. तिला प्लास्टिकचा वास येत होता, दुसरा कुठलाच नाही. मी ती फरशीवर पसरली आणि चारही टोकं पाहिली.

गाठ कुठेच नव्हती.

तीन टोकं सपाट होती. चौथ्या टोकाला कापड चिमटीत धरून दाबल्यासारखं चुरगळलेलं होतं, मधोमध एक बारीक तपकिरी ठिपका. मी भिंग आणून पाहिलं. धागा तुटलेला नव्हता, कापलेलाही नव्हता. गाठ होती आणि ती सोडवली गेली होती, एवढं कापड सांगत होतं. कोणी सोडवली ते कापड सांगत नव्हतं. नर्सने असेल. सलाइन लावताना आड आली असेल.

चष्म्याचं घर मी शेवटी उघडलं. चष्मा पुसायच्या कापडावर नीट ठेवलेला, आणि काड्यांच्या मध्ये एक लवंग.

मी माळ्याखालच्या शिडीवर बसले. नर्सने गाठ सोडवली असती तर लवंग जमिनीवर गेली असती, केरात गेली असती. ती चष्म्याच्या घरात ठेवणारं माणूस एकच होतं. अकरा दिवसांत कधीतरी तिने ऑक्सिजनची नळी सांभाळत गाठ सोडवली. भूक-तहान लागली म्हणून सोडवायची ती गाठ नव्हती, हे तिला माहीत होतं. आपण परत जाणार नाही आणि ते उभे राहतील, हेही माहीत असणार. फोन करायचं राहिलं असेल. तिसऱ्या दिवसानंतर तिला बोलताच येत नव्हतं.

म्हणजे पप्पांचा नियम तेव्हाच संपला होता. तेरा हजार तासांपैकी शंभरच्या आत.

हे त्यांना सांगावं का, याचा मी विचार केला. न सांगता दुसरं एक करता आलं असतं. लवंग परत टोकात ठेवून गाठ मारायची आणि म्हणायचं, ही बघा, तुम्हीच सोडा आता. मी टोक हातात घेतलंसुद्धा. मग ठेवून दिलं. नमुना बदलायचा नसतो.

सोमवारी लॅबला गेले नाही. सकाळी आठला ओढणी आणि चष्म्याचं घर घेऊन खाली दुकानात उतरले. पप्पा उदबत्ती लावत होते. धुडकूकाका बाहेर झाडत होते. मी दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या.

पप्पांनी उदबत्ती खोचली. हात सदऱ्याला पुसले. ओढणी ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"ही कुठे होती?"

"माळ्यावर. पिवळ्या पिशवीत. तुम्ही सही केली होती."

त्यांनी टोकं चाचपली. चौथ्या टोकाला अंगठा थांबला. "इथेच मारली होती."

"हो."

"जुनी झाली, सुटली असेल."

मी चष्म्याचं घर उघडलं. त्यांनी लवंग उचलली, तळहातावर ठेवली, नाकाशी नेली.

"वास गेला," ते म्हणाले.

"पप्पा, नर्सने सोडली असती तर ती इथे आली नसती."

"म्हणजे तिने सोडली."

"हो."

"कधी?"

"ते कळत नाही. अकरा दिवसांत कधीतरी."

ते लवंगेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. तेवढ्यात नानीबाई आली. डोंगराकडच्या पाड्यावरची, दर सोमवारचं पहिलं गिऱ्हाईक.

"शेठ, मीठ दे एक किलो. अन् आगपेटी दोन."

पप्पांनी लवंग सदऱ्याच्या खिशात टाकली. मीठ दिलं, आगपेट्या दिल्या, सुटे परत केले. मग स्टुलावरची साबणाची खोकी एकेक करून खाली उतरवली. घाई केली नाही. फळीवर जागा करून त्यांचा शिक्का पुढे येईल अशी ती लावली. स्टुलावर खोक्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, बाकी धूळ. ओढणी नेमकी हाताशी होती, पण त्यांनी कोपऱ्यातलं फडकं घेतलं, पुसलं.

आणि बसले.

मी तेलाचा रिकामा डबा पुढे सरकवला. त्यांनी डावा पाय उचलून त्याच्यावर ठेवला. सकाळीच मोजली होती. जखम चौदा बाय नऊ.

धुडकूकाका झाडू घेऊन दारात आले, आत पाहिलं, आणि पुन्हा बाहेर जाऊन झाडलेलीच जागा झाडू लागले.

नानीबाईने बरण्यांच्या वरून डोकावलं. "आज बसला का शेठ? थकला?"

"हो," पप्पा म्हणाले. "थकलो."

"मग बस," ती म्हणाली, आणि मीठ डोक्यावर घेऊन गेली.

मी त्यांचा पाय पाहिला. कातडीचा रंग तोच होता. पप्पांचा चेहराही तोच होता. स्टुलावर ते बरेच लहान दिसत होते. त्यांनी मान उंच करून समोर पाहायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"बरण्या काढू का बाजूला?"

"राहू दे. गिऱ्हाइकाला सवय आहे."

बाहेर एसटीचा ब्रेक वाजला. दार आपटलं, कंडक्टर काहीतरी ओरडला. पप्पांनी खालूनच विचारलं,

"कोणती गाडी?"

मी टाचा उंचावून पाहिलं.

"सुरत," मी म्हणाले.